कुत्रा दत्तक घेण्याआधी घरातली माणसं तयार करा

पावसाळा सुरू झाला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ठरलेला फोटो येतो. जिन्याखाली भिजून बसलेलं पिल्लू आणि खाली एक ओळ, ‘कुणी घर देईल का याला?’ दहा मिनिटांत बदाम आणि हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडतो आणि कुणीतरी लिहितं, ‘मी घेतो.’ पुढच्या महिन्यात बऱ्याचदा त्याच माणसाचा दुसरा मेसेज येतो, ‘आमच्याकडे जमत नाहीये, दुसरं कुणी नेईल का?’ 

हा दुसरा मेसेज एकदा मीही लिहिला आहे. त्याची लाज अजून गेलेली नाही, म्हणूनच हा लेख.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडीच्या धडकेत पाय मोडलेला आणि उपचारांनंतर बरा झालेला दोनेक वर्षांचा देशी कुत्रा आम्ही शनिवारी पाहिला आणि रविवारी घरी आणला. संध्याकाळपर्यंत शेजारपाजारचे, नातेवाईक, मुलांचे मित्र असे वीसेक जण त्याला बघून गेले. तो पलंगाखाली गेला तो बाहेरच येईना. दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी माझा भाचा प्रेमानं त्याला ओढून बाहेर काढायला सरपटत आत गेला. कुत्रा आधी गुरगुरला, मग दात लागला. भाच्याला इंजेक्शनं घ्यावी लागली. आई तेव्हा सत्तरीची, काठी घेऊन चालणारी. तिला आम्ही काही विचारलंच नव्हतं. कुत्रा पायात येऊन आपण पडू, या भीतीनं ती रात्री बाथरूमला जायचंही टाळू लागली. अकराव्या दिवशी मी त्याला परत नेलं. त्या दिवशी रिक्षात तो पहिल्यांदाच आपणहून मला टेकून बसला.

तेव्हा आम्ही म्हणालो, ‘कुत्राच विचित्र होता.’ आज माझं मत स्पष्ट आहे. कुत्रा अगदी कुत्र्यासारखा वागला होता. तयार नव्हतो ते आम्ही.

गुरगुरणं ही त्याची भाषा

पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार महत्त्वाचा असतो. या काळात जे दिसतं, ऐकू येतं, हाताळलं जातं, ते त्याला पुढे ‘नेहमीचं’ वाटतं. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला वाहनं, गर्दी ओळखीची असतात. पण लिफ्ट, मिक्सर, कुकरची शिट्टी, गुळगुळीत फरशी, बंद दार या गोष्टी त्याच्यासाठी नव्या आणि म्हणून धोक्याच्या असतात. भीतीच्या प्रसंगी शरीरात स्रवणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक लागोपाठच्या ताणामुळे चढंच राहू शकतं. अशा अवस्थेत न खाणं, लपून बसणं, घरात लघवी करणं, हे सगळं स्वाभाविक आहे. त्यात कृतघ्नपणा शोधू नये.

प्राण्यांसाठी काम करणारे लोक यासाठी एक ढोबळ हिशेब सांगतात. पहिले तीन दिवस भीतीचे, पहिले तीन आठवडे घराची रीत समजून घेण्याचे आणि घर आपलं वाटायला साधारण तीन महिने. प्रत्येक कुत्र्याला तो तंतोतंत लागू होत नाही, पण अकराव्या दिवशी निकाल देऊ नये एवढं तरी त्यातून नक्की कळतं.

दुसरी गोष्ट गुरगुरण्याची. आपल्याकडे कुत्रा गुरगुरला की त्याला फटका बसतो. खरं तर गुरगुरणं म्हणजे ‘जवळ येऊ नका’ ही सभ्य सूचना. त्याच्याही आधी तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप नसताना जांभया देतो, अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. या खुणांकडे दुर्लक्ष झालं की गुरगुर येते. आणि गुरगुरल्याबद्दल मार बसला, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता थेट चावू शकतो.

आधी घरची बैठक

कुत्रा आणण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसायला हवं. आजी-आजोबा आणि घरकामाला येणाऱ्या ताईसुद्धा त्यात हव्यात. सकाळी सहाला आणि रात्री दहाला त्याला फिरवायला कोण नेणार? खाणं, लसी, आजारपण यांचा खर्च कोण करणार? मे महिन्यात गावाला जाताना तो कुठे राहणार? घरात दम्याचा किंवा अॅलर्जीचा त्रास कुणाला आहे? असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि त्या व्यक्तीला त्याच कुत्र्याच्या सहवासात काही वेळ घालवून बघू द्या. कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगू शकतो. आज हट्ट करणारी पाचवीतली मुलगी तोवर नोकरीला लागलेली असेल, हा हिशेब पालकांनीच करायचा आहे.

घरात एकाचा जरी मनापासून विरोध असेल तर थांबावं, असं मला वाटतं. ‘एकदा आणला की लळा लागेल’ हा जुगार आहे आणि तो हरलो तर किंमत कुत्रा मोजतो. कुणाला तो स्वयंपाकघरात किंवा देवघरापाशी नको असेल, तर त्यावर हसू नका. तिथे आडवं फाटक लावा आणि पहिल्या दिवसापासून तो नियम सगळ्यांनी पाळा. घरात वयस्कर माणसं असतील तर पिल्लापेक्षा शांत स्वभावाचा मोठा कुत्रा बहुधा अधिक सोयीचा ठरतो.

मुलांसाठी तीन नियम पुरेत. खाताना, झोपलेला असताना आणि लपलेला असताना त्याला हात लावायचा नाही. गळ्यात पडून मिठी मारायची नाही. मोठं माणूस खोलीत नसेल तर लहान मूल आणि कुत्रा यांना एकत्र सोडायचं नाही. मुलांना चावणारा कुत्रा अनेकदा रस्त्यावरचा अनोळखी नसतो, तो ओळखीचाच असतो.

घरातले धोके

घराचा एक शांत कोपरा त्याच्यासाठी राखून ठेवा. त्याची गादी, पाण्याचं भांडं तिथे असावं आणि तो तिथे असताना कुणी त्याला हाक मारू नये. बाल्कनीच्या गजांमधली फट, लोंबणाऱ्या वायरी, फिनेल, उंदराचं औषध एकदा तपासा. आपली वेदनाशामक गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी औषधं त्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात.

खाण्याचंही तसंच. चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे, कांदा, लसूण हे कुत्र्याला विषारी ठरू शकतात. म्हणजे शिऱ्यातले बेदाणे आणि उरलेली कांदा-लसणाची आमटी, दोन्ही बाद. शिजवलेली हाडं फुटून टोकदार होतात आणि आतड्याला इजा करतात.

पहिल्या काही दिवसांत तो दारातून निसटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. घाबरलेला कुत्रा हाकेला परत येत नाही. म्हणून गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवा आणि बाहेर नेताना पट्ट्यासोबत छातीवरचा हार्नेसही हवा.

त्याचं आणि आपलं आरोग्य

पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यकाकडे जा. जंतांचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस, नसबंदी यांचं वेळापत्रक तिथे ठरवून घ्या. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला कापल्याची खूण असेल तर सहसा त्याची नसबंदी झालेली असते. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्याकडे सर्रास आढळतो आणि वेळेत उपचार न झाल्यास जिवावर बेततो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका कुत्र्यालाही असतो आणि त्याच्या लघवीतून माणसालाही, म्हणून ती साफ करताना हातमोजे घाला.

रेबीजबाबत मात्र तडजोड नाही. १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी चावा बसलेल्या मुलाला लस देऊन दाखवली, त्याला १४० वर्षं होऊन गेली. तरीही या रोगाची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्र्याला साधारण तीन महिन्यांचा झाल्यावर लस आणि मग पशुवैद्यक सांगतील तसे बूस्टर द्या. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. लगेच दवाखाना गाठा आणि सांगितलेली सगळी इंजेक्शनं पूर्ण करा. ‘घरचाच कुत्रा आहे’ म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळू नका.

नाही म्हणणं हीसुद्धा भूतदया

२२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं भटकी कुत्री दत्तक घेण्याचा मार्ग खुला ठेवला. मात्र दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही गुन्हा आहे. मला वाटतं, कायद्याच्याही आधी हे भान फोटो पाठवणाऱ्यांना आणि ‘मी घेतो’ म्हणणाऱ्यांना हवं. दत्तक देणाऱ्या संस्था घर बघायला येतात, खोदून प्रश्न विचारतात, तेव्हा अनेकांना राग येतो. आम्हाला असे प्रश्न कुणी विचारले असते तर त्या कुत्र्याचे आणि आमचे ते अकरा दिवस वाचले असते. ज्यांना जमणार नाही त्यांनी नाही म्हणावं आणि वस्तीतल्या कुत्र्यांच्या नसबंदीला, लसीकरणाला हातभार लावावा. तेही मोलाचं काम आहे.

पहिल्या प्रकारानंतर तीन वर्षांनी आम्ही एक कुत्री आणली. या वेळी आधी आईला विचारलं. तिनं दोन अटी घातल्या: स्वयंपाकघरात यायचं नाही आणि बाथरूमच्या वाटेवर तिची गादी नको. दोन्ही पाळल्या. कुत्री आली त्या संध्याकाळी घरात पाहुणे नव्हते, फोटोही काढला नाही. पाच दिवस ती वॉशिंग मशीनच्या मागे होती आणि आम्ही आपापली कामं करत राहिलो. आता चार वर्षं झाली. दिवाळीत फटाके वाजले की ती अजूनही पलंगाखाली जाते. तिला ओढून बाहेर काढायला कुणीही जात नाही.