आधी हवा, मग कॅमेरा

जव्हारजवळच्या शिरपामाळावर सुट्टीच्या दिवशी ड्रोनची घरघर ऐकू आली, तर आता कुणी मान वर करून पाहत नाही. सुरतेच्या स्वारीवर जाताना १६६४ साली शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या विक्रमशहांनी त्यांना शिरपेच दिला, असे सांगतात. त्या ओढीने इतिहासवेडे येतात आणि उघड्या माळावरून दिसणाऱ्या डोंगरांसाठी कॅमेरेवाले येतात. आयएसओ, शटर, फ्रेमरेट त्यांच्या जिभेवर असतात. वारा कुठून येतोय, असे विचारले की मोबाइल काढतात. माझे म्हणणे एवढेच: आकाशातून फोटो काढणाऱ्याने हवेची भाषा आधी शिकावी.

सुरुवात उंचीपासून. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात कमाल मर्यादा १२० मीटर, म्हणजे ४०० फूट आहे, आणि ती जमिनीपासून मोजायची. रिमोटच्या पडद्यावर साधारणपणे दिसते ती मात्र ड्रोन जिथून उडाला तिथपासूनची उंची. कड्याच्या काठावरून ड्रोन १०० मीटर वर नेला आणि दरीवर सरकवला, की खालची जमीन दीडशे मीटर खचते. पडदा १००च दाखवतो. प्रत्यक्षात ड्रोन २५० मीटरवर असतो आणि नियम केव्हाच मोडलेला असतो. याच भागातल्या दाभोसा धबधब्याच्या तळातून उडवणाऱ्याचा धोका उलटा. ‘घरी परत’चे बटण दाबले आणि परतीची उंची कमी ठेवलेली असली, तर वाटेत आलेल्या डोंगराच्या सोंडेवर ड्रोन आदळू शकतो. वैमानिकाची उंची आणखी तिसरीच. समुद्रसपाटीचा दाब, म्हणजे क्यूएनएच, लावला की जव्हारच्या पठारावर उभ्या हेलिकॉप्टरचा उंचीमापकही सुमारे दीड हजार फूट दाखवेल. म्हणून ‘चारशे फूट’ म्हणताना कुठून, ते सांगायलाच हवे.

वाऱ्याचेही तसेच. हवामानाच्या भाषेत पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. तो डोंगराला धडकून वर चढतो, तेव्हा वाऱ्याकडच्या बाजूला ड्रोनला उचल मिळते. माथा ओलांडला की पलीकडे तोच वारा खाली कोसळतो, गरगरतो. त्या भोवऱ्याला रोटर म्हणतात. फोटोसाठी मोहाची असलेली आडोशाची बाजू उडवायला अनेकदा सर्वांत वाईट असते. शिवाय जाताना वारा पाठीशी असला, तर परतताना तो छातीवर येतो आणि बॅटरी तेव्हाच खाली येत असते. म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडाला जावे.

ढगांसाठी एक सोपा हिशेब आहे. तापमानातून दवबिंदू वजा करा आणि उत्तराला १२५ ने गुणा. ढगाचा पाया जमिनीपासून साधारण किती मीटरवर आहे ते कळते. पावसाळ्यात इथे तापमान २४ आणि दवबिंदू २३ असला, तर उत्तर येते १२५ मीटर. म्हणजे कायदा जिथे थांबवतो, तिथेच ढगही सुरू होतो. त्यात शिरलेला ड्रोन दिसेनासा होतो, आणि नजरेच्या टप्प्यात ठेवणे हाही नियमच आहे.

कॅमेऱ्याचे शब्द यानंतर यावेत, कारण तेही हवेवरच टेकलेले आहेत. हेलिकॉप्टरमधून फोटो काढणारे शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपास ठेवतात आणि कोपर दाराला टेकवत नाहीत. यंत्राची थरथर हाडांतून कॅमेऱ्यात उतरते. नौदलात राहिलेले गोपाळ बोधे यांनी दीपगृहे आणि किल्ले आकाशातून टिपले, उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ या छायाचित्रांच्या पुस्तकात किल्ले हवेतून दिसले. किल्ल्याची तटबंदी वरून उठून दिसते ती तिरप्या उन्हात, तिची सावली लांब पडते तेव्हा. डोक्यावरच्या उन्हात तोच तट जमिनीत मिसळून जातो. हिवाळ्याच्या सकाळी ऊन तिरपे मिळते, पण थंड हवा दरीत साचून धूसरपणाही धरून ठेवते. कोणत्या तासाला उडवायचे, हे सूर्य आणि हवा दोघांना विचारूनच ठरते.

पर्यटन वाढवायचे म्हणून प्रेक्षणीय ठिकाणी ‘सेल्फी पॉइंट’च्या पाट्या लागतात. त्याऐवजी शिरपामाळावर एक साधी पाटी लावावी: समुद्रसपाटीपासूनची उंची, उतार कुठे किती खोल आहे आणि ड्रोनची मर्यादा. शेजारी खांबावर वाऱ्याची कापडी पिशवी बांधावी. खर्च किरकोळ आहे. लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या इथल्या पोरांना ड्रोन शिकवताना पहिला दिवस कॅमेऱ्याला हात न लावता त्या पिशवीखाली घालवला, तर पुढच्या हंगामात दुरुस्तीच्या दुकानाकडे त्यांच्या खेपा कमी होतील.