मूल्यांकन अहवालातला दुर्लक्षित रकाना

सप्टेंबर २०२२. बेंगळुरूत ४ तारखेच्या रात्री कोसळलेल्या पावसाने येमलूर, बेळ्ळंदूर आणि रेनबो ड्राइव्ह लेआउट जलमय झाले. कोट्यवधींच्या बंगल्यांतून माणसे ट्रॅक्टर आणि नावांतून बाहेर काढावी लागली. त्याआधी ३० ऑगस्टच्या पावसात बाह्य वळण रस्त्यावर झालेल्या कोंडीने एका दिवसात २२५ कोटींचे नुकसान झाल्याचे तिथल्या कंपन्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना कळवले होते.

बँकांसाठी हे केवळ नागरी गैरसोयीचे प्रकरण नाही. ही घरे वीस-वीस वर्षांच्या कर्जांसाठी तारण असतात. कर्जदाराचा पगार चालू असतो, हप्ता वेळेवर येतो, खाते नियमित दिसते. पण तारणाची किंमत घसरलेली असते. त्याच महिन्यात महापालिकेने राजकालुव्यांवरची, म्हणजे तलावांना जोडणाऱ्या जुन्या नाल्यांवरची, अतिक्रमणे पाडली. पाडलेल्या बांधकामावर कर्ज असेल, तर तिथे पुराचा विमाही कामाला येत नाही. वाहनकर्जाचीही तीच गत. पाण्यात बुडालेली गाडी चालू करायला जाऊन इंजिन निकामी झाले, तर इंजिन संरक्षणाची जोड नसलेली साधी पॉलिसी सहसा भरपाई देत नाही.

हा धोका ओळखण्याची सोय बँकांच्या हाताशी आहे. अनेक सरकारी बँकांच्या मूल्यांकन अहवालाच्या नमुन्यात ‘वारंवार पूर येण्याची किंवा पाण्याखाली जाण्याची शक्यता’ असा रकाना असतो. जमिनीच्या पातळीबद्दलही वेगळी विचारणा असते. तिथे ‘नाही’ एवढेच लिहिलेले असेल आणि शाखेने ते तसेच स्वीकारले, तर रकाना असून नसल्यासारखा.

महाराष्ट्राला हे नवे नाही. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. एकाच शहरात काम करणाऱ्या नागरी सहकारी बँकेचे कर्जदार, ठेवीदार, तारण ठेवलेला माल आणि खुद्द शाखा एकाच पाण्यात सापडतात. कर्जवसुली थांबते तेव्हाच ठेवी काढायला रांग लागू शकते. मोठ्या बँकेला इतर जिल्हे सावरतात. छोट्या बँकेला ती सोय नसते.

रिझर्व्ह बँकेने २८ फेब्रुवारी २०२४ रोजी हवामानविषयक वित्तीय जोखमीच्या प्रकटीकरणाचा मसुदा काढला. त्यात नागरी बँकांपैकी सक्ती फक्त चौथ्या श्रेणीतल्या मोठ्या बँकांवर प्रस्तावित होती. सक्ती नाही म्हणून छोट्या बँकांनी स्वस्थ बसणे परवडणारे नाही.

व्यवस्थापकांनी येत्या पावसाळ्याआधी तीन कामे करावीत. मूल्यांकनकाराकडून नाल्यापासूनचे अंतर, जमिनीची उंची आणि मागच्या पुराची पाणीपातळी लेखी घ्यावी. तारणाच्या विम्यात पुराचे संरक्षण आहे आणि तो मुदतीत आहे, याची खात्री करावी. पूररेषेतील एकूण कर्जाचा आकडा संचालक मंडळासमोर ठेवावा.