काढून टाकण्याचा अधिकार कोणाचा?

संगणकावर एखादा प्रोग्राम बसविणे किंवा नको झालेला काढून टाकणे ही तंत्रज्ञाची, चार बटणे दाबण्याची बाब आहे, असे समजून येथील समाजवादी चळवळीने तिच्याकडे आजवर पाठच फिरविली आहे. ही उपेक्षा महागात पडणारी आहे. वस्तू वापरण्याचा, तिच्यात बदल करण्याचा आणि नको असलेल्यास तिच्यापासून दूर ठेवण्याचा अधिकार ज्याच्या हाती तो मालक, हे अर्थशास्त्रातील प्राथमिक सूत्र आहे. या कसोटीवर आजचा संगणक किंवा मोबाइल पारखून पाहिला, तर पूर्ण किंमत मोजून तो घरी आणणारा माणूस मालक ठरत नाही. फार तर कूळ ठरतो, आणि तेही १९४८ च्या कूळकायद्यापूर्वीचे.

विंडोजपासून आरंभ करणे सोयीचे, कारण कचेऱ्यांपासून पतपेढ्यांपर्यंत बहुतेक ठिकाणी तीच आढळते. विंडोजवर बसविलेला प्रोग्राम आपल्या फायली एका फोल्डरात ठेवून थांबतोच असे नाही. काही फायली तो सामायिक जागी टाकतो, संगणक सुरू होताच आपणही सुरू व्हावे अशी तजवीज करतो आणि रजिस्ट्री नावाच्या मध्यवर्ती दप्तरात आपल्या नोंदी करून ठेवतो. प्रोग्राम काढून टाकण्याची रीतसर यादी विंडोज ९५ पासून उपलब्ध आहे. पण त्या यादीतील नावावर टिचकी मारली की बहुधा चालतो तो मूळ उत्पादकानेच पुरविलेला काढणीचा प्रोग्राम. काय पुसायचे आणि काय मागे ठेवायचे हे तोच ठरवितो. खोली रिकामी केल्याचा पंचनामा जाणाऱ्या भाडेकरूनेच लिहावा, तसा हा प्रकार. नोंदी राहतात, रिकामे फोल्डर राहतात, मोफत चाचणीची मुदत संपल्याची खूणही कधीकधी राहते. नव्या संगणकावर तर कोणी न मागितलेले प्रोग्राम आधीच येऊन बसलेले असतात, कारण त्या जागेचे पैसे कोणीतरी संगणकाच्या उत्पादकाला मोजलेले असतात.

हा सारा केवळ गबाळेपणा नव्हे, याची नोंद अमेरिकेच्या न्यायालयातच झालेली आहे. १९९८ मध्ये तेथील केंद्र सरकार आणि अनेक राज्ये यांनी मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. विंडोज ९८ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरचे नावच काढण्याजोग्या प्रोग्रामच्या यादीतून वगळण्यात आले होते. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीचे दोन तुकडे करण्याचा खालच्या न्यायालयाचा आदेश रद्द केला. परंतु यादीतून नाव वगळण्याची कृती मात्र मक्तेदारी टिकविण्यासाठी केलेली आणि म्हणून बेकायदा ठरविली. एका यादीतील एक ओळ गाळणे हीसुद्धा आर्थिक सत्तेची कृती असू शकते, हे यातून सिद्ध झाले. निकाल लागेपर्यंत नेटस्केप हा प्रतिस्पर्धी ब्राउझर बाजारात केव्हाच मागे पडला होता, ही गोष्ट वेगळी.

ॲपलच्या मॅकवर वरवर पाहता सारे सोपे आहे. प्रोग्राम ॲप्लिकेशन्सच्या फोल्डरात ओढावा, नको झाला की कचरापेटीत टाकावा. लायब्ररी नावाच्या फोल्डरात त्याचे अवशेष राहतात, ते सोडून देता येईल. त्याच कंपनीच्या आयफोनवर मात्र जुलै २००८ मध्ये कंपनीचे स्वतःचे दुकान उघडले आणि दाराशी कायमचा जकातनाका बसला. प्रोग्राम विकणाऱ्याकडून शंभर रुपयांतले तीस रुपयांपर्यंत कमिशन घेण्याची पद्धत तेथूनच रूढ झाली. युरोपीय संघाने कायद्याने भाग पाडले, तेव्हा मार्च २०२४ पासून त्याच्या सत्तावीस देशांत दुसऱ्या दुकानांना वाट मिळाली. काढून टाकण्याची किल्लीही दुसऱ्याच्याच हाती असली म्हणजे काय होते, हे जुलै २००९ मध्ये दिसले होते. ॲमेझॉनने किंडलच्या वाचकांनी पैसे देऊन घेतलेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या, विकणाऱ्याकडे प्रकाशनाचे हक्क नव्हते म्हणून, त्यांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. गोष्ट प्रोग्रामची नव्हे, पुस्तकांची. किल्ली मात्र तीच. पैसे परत झाले, माफीही मागितली गेली. त्यांतील एक कादंबरी 'नाइन्टीन एटी-फोर' असावी, हा योगायोग एखाद्या प्रहसनकारालाही सुचला नसता.

भारतातील सामान्य माणसाचा संगणक म्हणजे अँड्रॉइड मोबाइल. त्यावर उत्पादकाने आधीच बसविलेले अनेक प्रोग्राम अशा राखीव भागात असतात की जेथे ग्राहकाला हात घालता येत नाही. ते झाकून ठेवता येतात, उपटता येत नाहीत. फोन मूळ स्थितीत आणला की पुन्हा हजर होतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि आधीच बसविलेले आपले प्रोग्राम काढून टाकण्यास ग्राहकाला आडकाठी करू नये, असाही आदेश दिला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण नेमका हा आदेश रद्द केला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. वृत्तपत्रांनी मथळे दिले ते दंडाच्या आकड्याला. वस्तुतः दंड कंपनीच्या खर्चाच्या खात्यात जिरतो. ग्राहकाच्या पदरात काही पडणार होते ते त्या रद्द झालेल्या आदेशातून.

मक्तेदारीला आवर घालण्यासाठी सरकारकडे पाहावे, तर तेथील अनुभवही सावध करणाराच आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने 'संचार साथी' हा सरकारी प्रोग्राम प्रत्येक नव्या मोबाइलवर नव्वद दिवसांत आधीच बसवून द्यावा आणि त्याचे काम निष्प्रभ करता येऊ नये, असा आदेश उत्पादकांना दिला. चोरीला गेलेला फोन शोधणे, बनावट जोडण्या पकडणे ही त्याची उद्दिष्टे चांगलीच आहेत, आणि स्वेच्छेने तो घेणाऱ्यांची संख्याही लहान नाही. आक्षेप सक्तीला होता. ओरड झाली, ग्राहकाला तो पुसता येईल असा खुलासा मंत्र्यांनी केला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली. कंपनीच्या हातचा आसूड सरकारच्या हाती दिला की समाजवाद आला, असे मानणारे चळवळीत अजूनही आहेत. त्यांनी हे पाच-सहा दिवस पुन्हा डोळ्यांखालून घालावेत.

यांहून निराळी व्यवस्था अस्तित्वात आहे, आणि ती स्वप्नातली नाही. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेली डेबियन ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली जगभरचे स्वयंसेवक चालवितात. तेथे प्रोग्राम सामाईक कोठारातून येतो. कोणती फाइल कोठे ठेवली याची नोंद उत्पादक ठेवीत नाही, प्रणाली ठेवते. म्हणून काढतानाचा पंचनामा तिऱ्हाइताच्या हातचा असतो. काढण्याचे प्रकारही दोन: एकात प्रोग्राम जातो पण त्याची मांडणीची फाइल पुढील वापरासाठी राहते, दुसऱ्यात तीही जाते. निवड वापरणाऱ्याची. अर्थात येथेही भाबडेपणा नको. कोठारातील प्रोग्राम बाजारापेक्षा जुने असतात. एक प्रोग्राम दुसऱ्यावर आणि दुसरा तिसऱ्यावर अवलंबून असल्याने गुंता झाला की नवखा हतबल होतो. आणि लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे पुष्कळसे लोक बड्या कंपन्यांचेच पगारदार आहेत. तरीही केरळातील सरकारी शाळांनी या शतकाच्या पहिल्याच दशकात मुक्त प्रणाली स्वीकारून दाखविली. महाराष्ट्राने त्या उदाहरणाचा अभ्यास तरी करायला हवा होता.

प्रश्न तातडीचा होण्यास आणखी एक निमित्त घडले आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चिप किंवा प्रोसेसर नसल्याने चांगले चालणारे असंख्य संगणक भंगाराच्या वाटेवर आहेत. वाचनालये, कामगार संघटनांच्या कचेऱ्या, लहान नियतकालिके यांच्याकडे असलीच यंत्रे असतात. ती टाकून देण्यापूर्वी त्यांवर मुक्त प्रणाली, मूळचे काहीही न पुसता, पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. अडचण येईल ती मुख्यतः दोन ठिकाणी. हिशेबाचे बरेच प्रोग्राम विंडोजसाठीच लिहिलेले असतात. दुसरी अडचण खास मराठीची. वर्षानुवर्षे जुन्या, खासगी सांकेतिक रचनेच्या फॉन्टमध्ये जुळविलेले अंक, ठराव आणि इतिवृत्ते तो फॉन्ट नसला की निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतात. लिखाण संस्थेचे, पण ते वाचण्याची सोय दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये. असा सारा मजकूर आधी युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा, दोन प्रती निराळ्या जागी ठेवाव्यात, छपाईयंत्र नव्या प्रणालीवर चालते की नाही ते पाहावे. विंडोज पुसायची ती त्यानंतर.