वरिष्ठांचा धाक आणि नवा नोकर

गावातील मुलगा वा मुलगी शिक्षण संपवून शहरात पहिल्या नोकरीस रुजू झाली, म्हणजे घरी पेढे वाटले जातात. पंधरवडा लोटतो न लोटतो तोच फोन येतो, "बाबा, काम जमते; पण आमच्या वरच्या बाई फार कडक आहेत. दहा जणांदेखत बोलतात. परत येऊ का?" आईचे डोळे भरून येतात, बाप म्हणतो, "सोसावे लागते", आणि प्रश्न जेथल्या तेथेच राहतो. वाचकहो, या आठवड्यात त्याच प्रश्नाचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. कडक वरिष्ठ दोन प्रकारचे असतात. एकाचा कडकपणा कामासाठी असतो. दुसऱ्याचा स्वतःच्या मानासाठी. बाहेरून दोघेही सारखेच भासतात. नव्या माणसाला हा भेद ओळखता आला, तर त्याचे निम्मे दुःख हलके होते.

पहिल्या प्रकारचे उदाहरण इंदूर नगरीने साऱ्या देशाला दिले आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ साली नागपूरला झाला. परंतु त्यांची कर्मभूमी इंदूर. १९२३ साली ते होळकर संस्थानच्या सेवेत आले आणि १९६७ साली इंदुरासच त्यांचा अंत झाला. त्यांची शिस्त प्रसिद्ध होती. सरावात कुचराई, आज्ञेत चालढकल किंवा दुखापतीची सबब त्यांना मुळीच खपत नसे. नव्या खेळाडूला त्यांच्यापुढे उभे राहताना धाक वाटे, यात नवल नाही.

परंतु हे गृहस्थ दुसऱ्यास जे सांगत, ते आधी स्वतः करीत. १९५१-५२ च्या हंगामात मुंबईविरुद्ध खेळताना दत्तू फडकरांचा वेगवान चेंडू त्यांच्या तोंडावर आदळला व दात पडले, तरी ते मैदान सोडून गेले नाहीत. त्या वेळी त्यांचे वय छप्पन्न वर्षांचे होते. अशा माणसाने तरुणास "उभा राहा" म्हटले, तर त्या शब्दाला वजन येते.

इंदूरच्याच मुश्ताक अली यांस नायडूंनी लहानपणीच हेरले होते. १९३४ च्या जानेवारीत कलकत्त्यास, नायडूंच्याच नेतृत्वाखाली, हा एकोणीस वर्षांचा मुलगा पहिला कसोटी सामना खेळला, तो मुख्यतः डावखुरा संथ गोलंदाज म्हणून. पुढे अडीच वर्षांनी मँचेस्टरला त्यानेच सलामीस येऊन ११२ धावा काढल्या. परदेशात कसोटी शतक ठोकणारा तो पहिला भारतीय ठरला. होळकर संघाचेही तसेच झाले. १९४१-४२ पासून १९५४-५५ पर्यंतच्या चौदा हंगामांत हा संघ दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला व चार वेळा विजयी झाला. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध त्याने ८ बाद ९१२ धावा केल्या. त्या डावात सहा जणांनी शतके काढली; सहांपैकी एक पन्नाशीचे नायडू स्वतः होते. धाकाखाली माणसे केवळ दबत असती, तर असे घडते ना.

आता दुसरा प्रकार पाहा. १९३६ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर भारतीय संघाचे कर्णधार विजयनगरमचे महाराजकुमार होते. खेळातील योग्यतेपेक्षा त्यांचे वजन व मानच मोठा. एका सामन्यात तरुण लाला अमरनाथ यांस पॅड बांधून ताटकळत ठेवले आणि इतरांस आधी खेळावयास पाठविले. अमरनाथ संतापले, खेळाडूंच्या खोलीत कठोर बोलून गेले आणि पहिल्या कसोटीपूर्वीच त्यांची मायदेशी रवानगी झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमाँट यांच्या समितीने चौकशी केली आणि १९३७ साली अमरनाथ यांस दोषमुक्त ठरविले. न्याय मिळाला; परंतु हातचा दौरा गेला तो गेलाच. मध्यंतरी महायुद्ध आले आणि पुढील कसोटी खेळण्यास त्यांना १९४६ साल उजाडावे लागले. पुढे १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तेच भारताचे कर्णधार झाले, हेही सांगितले पाहिजे.

या दोन हकिगतींवरून आमच्या तरुण वाचकांनी काय घ्यावे? वरिष्ठ रागावले की मनाशी तीन प्रश्न विचारावेत. ते माझ्या कामाला बोलतात की माझ्या जातीला, गावाला, गरिबीला? जो नियम मला लावतात, तो स्वतः पाळतात काय? काम सुधारले म्हणजे बोलणे थांबते काय? उत्तरे समाधानकारक असतील, तर तो वरिष्ठ तिखट असला तरी गुरूच समजावा. दवाखान्यात औषधाची मात्रा चुकली, तर रोग्याचा जीव जातो आणि जाब वरिष्ठ परिचारिकेस द्यावा लागतो. तिचा आवाज चढण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

अशा वरिष्ठाशी वागण्याची रीत सोपी आहे. वेळेपूर्वी पाच मिनिटे हजर राहावे. सांगितलेले काम वहीत टिपून घ्यावे, म्हणजे एकच गोष्ट दोनदा विचारावी लागत नाही. चारचौघांत उलट उत्तर देऊ नये. काम संपल्यावर, ते निवांत असताना, "साहेब, सकाळचे काम मी कसे करावयास हवे होते?" असे एकटे जाऊन विचारावे. कडक माणूस अशा प्रश्नाने बहुधा मऊ होतो. सहकाऱ्यांच्या कोंडाळ्यात त्यांची निंदा मात्र करू नये; ती संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानी जाते.

परंतु उत्तरे उलटी आली, तर मुकाट्याने सोसणे हा सद्गुण नव्हे. अमरनाथांप्रमाणे भडकूही नये. काय बोलले गेले, कोणत्या तारखेस, कोणादेखत, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि त्यांच्याही वरच्या अधिकाऱ्याकडे शांत शब्दांत लेखी अर्ज द्यावा. मुलींच्या बाबतीत एक विशेष माहिती प्रत्येक घरी असावी. नोकरीच्या जागी स्त्रीच्या अब्रूला धक्का लागेल असे वर्तन झाल्यास २०१३ चा केंद्रीय कायदा तिच्या पाठीशी आहे. दहा वा अधिक माणसे काम करतात तेथे तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. लहान जागी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावयाची असते. लाजेपायी ही मुदत दवडू नये.

शेवटी आईबापांस दोन शब्द. फोन आला की लगेच "परत ये" म्हणू नका आणि "सोस" एवढेच म्हणून ठेवूनही देऊ नका. वरील तीन प्रश्न मुलास विचारा आणि उत्तर पुरते ऐकून घ्या. कामाचा कडकपणा असेल, तर तीन महिने धीर धरावयास सांगा व दर आठवड्यास विचारपूस करा. अपमानाचा असेल, तर अर्ज लिहावयास त्याच्या शेजारी बसा. आणि तोही उपाय हरला, तर घराचे दार उघडे आहे, हे त्यास स्पष्ट सांगा. पाठीशी घर आहे हे ज्याला ठाऊक असते, तो वरिष्ठापुढे मान खाली घालून काम शिकतो आणि वेळ आली तर मान वर करून बोलतोही.