ताळा पाहण्याची सवय

अहवाल समोर आला की मी आधी स्पेक्ट्रम बघत नाही. रेणुसूत्र बघते आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीने असंपृक्तता-अंक मांडते. ही सवय मला एका चुकीने लावली. प्रयोगशाळेत नवी असताना एका द्रावकातली अशुद्धी ओळखायचे काम माझ्याकडे आले. रेणुसूत्र हाती होते: ७ कार्बन, १२ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. अवरक्त स्पेक्ट्रममध्ये १७१५ च्या जवळ ठसठशीत कार्बोनिल दिसत होता. अंक आला २. मी सरळ साखळी काढली, तिच्यावर एक कीटोन आणि एक दुहेरी बंध बसवला आणि मोकळी झाले. वरिष्ठांनी कार्बन एनएमआरचा कागद पुढे ओढला आणि विचारले, "तुझ्या दुहेरी बंधाचे कार्बन कुठे आहेत?"

२१२ च्या आसपास कार्बोनिल होता, बाकीचे सगळे संकेत ५० च्या खाली. १०० ते १५० हा पट्टा कोरा. दुसरे एकक दुहेरी बंधाचे नव्हतेच, वलयाचे होते. पदार्थ निघाला ४-मिथिलसायक्लोहेक्झॅनोन. दुहेरी बंध स्पेक्ट्रममध्ये हजेरी लावतो. वलय मात्र बहुतेक वेळा शिल्लक बाकीतूनच ओळखावे लागते, आणि बाकी काढायची तर आधी हिशेब मांडलेला हवा.

हिशेब आपल्या सगळ्यांना पाठ आहे. कार्बनच्या संख्येत एक मिळवायचा, नायट्रोजनच्या निम्मे मिळवायचे, हायड्रोजन व हॅलोजन यांच्या बेरजेच्या निम्मे वजा करायचे. ऑक्सिजन आणि द्विसंयुजी गंधक यांना धरायचे नाही. उत्तर म्हणजे वलये आणि पाय-बंध यांची एकूण संख्या. गणित इतके सोपे आहे की ते उरकून आपण पुढे जातो. माझे म्हणणे पुढच्या पायरीबद्दल आहे. अंक काढणे म्हणजे त्याचा अर्थ लावणे नव्हे. अंकातले प्रत्येक एकक रेणूत कुठे खर्च झाले आणि त्याचा पुरावा कोणता, हे लिहिले तरच अर्थ लागला असे म्हणता येईल.

या अंकाची ताकद आणि मर्यादा दोन्ही पेनिसिलिनच्या इतिहासात दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ त्याच्या संरचनेमागे लागले होते. पेनिसिलिनमध्ये गंधक आहे हेच आरंभी लक्षात आले नव्हते. ते १९४३ मध्ये उमगले, तेव्हा कुठे रेणुसूत्र जागेवर आले. सूत्रच चुकलेले असेल तर अंकाला काही किंमत नाही, हा त्यातला पहिला धडा.

पुढे वाद दोन संरचनांवर आला. ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन थायाझोलिडिन-ऑक्साझोलोनच्या बाजूने होते. अर्न्स्ट चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी चार अणूंचे बीटा-लॅक्टम वलय सुचवले होते. बेंझिलपेनिसिलिनच्या रेणुसूत्रावर हा वाद ताडून बघा: १६ कार्बन, १८ हायड्रोजन, २ नायट्रोजन, ४ ऑक्सिजन, १ गंधक. अंक येतो ९. बेंझिन वलयाचे ४ दोन्हीकडे सारखे. बीटा-लॅक्टम मांडणीत उरलेले पाच म्हणजे आणखी दोन वलये आणि तीन कार्बोनिल. ऑक्साझोलोन मांडणीत दोन वलये, दोन कार्बोनिल आणि एक कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध. बेरीज दोन्हीकडे नऊच. इतकेच काय, वलये तीन आणि पाय-बंध सहा ही विभागणीसुद्धा जशीच्या तशी. अंकाच्या दारातून दोन्ही संरचना विनाअडथळा आत येतात.

निवाडा झाला तो क्ष-किरणांनी. डोरोथी हॉजकिन आणि बार्बरा लो यांनी बेंझिलपेनिसिलिनच्या क्षारांच्या स्फटिकांचा अभ्यास केला आणि १९४५ मध्ये बीटा-लॅक्टम सिद्ध झाले. ताणलेले हे चौकोनी वलय उघडते म्हणूनच पेनिसिलिन जिवाणूंच्या विकराला जखडू शकते. औषधाचा सगळा जीव नवातल्या त्या एका एककात आहे. अंक त्याच्यासाठी जागा राखून ठेवतो, तिथे कोण बसले आहे ते सांगत नाही. म्हणून "अंक जुळला" हे वाक्य संरचनेची खात्री म्हणून वापरू नये. अंक चुकीच्या संरचना बाद करतो. बरोबर संरचनेवर शिक्का मारण्याचे काम दुसऱ्या पुराव्याचे.

आता रोजच्या कामातल्या तीन अडखळण्याच्या जागा.

पहिली, स्फटिकजल आणि क्षार. अनुमापनासाठी आपण वापरतो त्या ऑक्झॅलिक आम्लाचा अंक २, दोन कार्बोनिलांचा. पण बाटलीवरचे दोन रेणू पाणी धरून सूत्र लिहिले, तर अंक शून्य येतो. बाहेरून जोडलेला पाण्याचा किंवा हायड्रोक्लोराइडचा प्रत्येक रेणू अंकातून एक खातो. आधी रेणू सुटा करा, मग मोजा.

दुसरी, गंधक. डॅप्सोनचा अंक ८, आणि तो दोन बेंझिन वलयांतच संपतो. आपण कागदावर गंधक आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये दोन-दोन रेघा काढतो, पण सूत्र गंधकाला द्विसंयुजी धरते, म्हणून त्या रेघा हिशेबात येत नाहीत. त्या शोधत बसणारा विद्यार्थी दहापर्यंत मोजतो आणि गोंधळतो.

तिसरी, आयन. सांगलीच्या हळदीतला कुरकुमिन घ्या: २१ कार्बन, २० हायड्रोजन, ६ ऑक्सिजन, अंक १२. मास स्पेक्ट्रममध्ये ३६९ ला दिसतो तो प्रोटॉन घेतलेला आयन, आणि त्याचा अंक येतो ११.५. हा अर्धा म्हणजे चूक नव्हे. त्यावरून कळते की समोर उदासीन रेणू नाही, आयन आहे. याच कुरकुमिनच्या बाराचा जमाखर्च मांडला तर दोन बेंझिन वलयांचे आठ, दोन कार्बोनिल, दोन कार्बन-कार्बन दुहेरी बंध. ईनॉल रूपात एक कार्बोनिल कमी होतो, एक दुहेरी बंध वाढतो. बेरीज बारावरून हलत नाही.

आज संगणक रेणुसूत्रांची यादी देतो, शेजारी हा अंकही छापतो. सोय मोठी आहे, पण छापून आलेला आकडा डोळ्यांखालून निसटतो आणि हाताने मांडलेला लक्षात राहतो. लहानपणी गुणाकार झाला की गुरुजी ताळा पाहायला लावत. ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असे नव्हे, पण जुळला नाही तर उत्तर चूक हे नक्की. असंपृक्तता-अंक हा रेणूचा ताळा आहे.

आपल्या नियतकालिकाच्या पुढच्या अंकापासून संरचना-निश्चितीच्या प्रत्येक लेखात आम्ही एक ओळ मागणार आहोत: अंक किती, त्यातली वलये किती, पाय-बंध किती, आणि प्रत्येकाचा पुरावा कोणता. एखाद्या एककाचा पुरावा नसेल तर तिथे "अनिर्णीत" असे लिहावे. त्या शब्दाने लेख परत येणार नाही. ओळ नसेल तर येईल. शिक्षकांनी हीच ओळ प्रात्यक्षिकाच्या वहीत मागावी आणि गुणवत्ता विभागातल्या मित्रांनी अहवालावर सही करण्याआधी कागदाच्या कडेला ती मांडावी. पेन्सिल पुरते, आणि मिनिटभरही लागत नाही.