भांडण चव्हाट्यावरच हवे

ऑगस्ट २०२५ मध्ये कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार यांनी मुंबई उच्च न्यायालयातल्या एका नियुक्तीवर जाहीर आक्षेप घेतला. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने (कॉलेजियमने) २८ जुलैच्या बैठकीत वकील आरती साठे यांचे नाव न्यायमूर्तिपदासाठी मंजूर केले होते आणि साठे काही काळ महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या होत्या. भाजपचे उत्तर तयार होते: पक्षाचे काम त्यांनी जानेवारी २०२४ मध्येच सोडले आहे. चार दिवस वाहिन्यांवर आरडाओरड झाली, नियुक्ती झाली, विषय संपला. मागे उरले ते नेहमीचे शहाणपण. नेमणुकांत तरी राजकारण आणू नका, पक्षांची भांडणे पक्षांपाशी ठेवा.

हे शहाणपण आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पारापासून पतसंस्थेच्या वार्षिक सभेपर्यंत सगळीकडे ऐकू येते. ऐकायला ते सात्त्विक आहे, म्हणूनच त्याचे खंडन आधी केले पाहिजे.

पवारांच्या आक्षेपात अर्धेच तथ्य होते, हे मान्य करून टाकू. पक्षात काम केले म्हणून माणूस न्यायासनाला अपात्र ठरत नाही. व्ही. आर. कृष्ण अय्यर केरळच्या १९५७ च्या नंबुद्रीपाद मंत्रिमंडळात मंत्री होते. पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि गरिबाच्या बाजूने कायदा वाचणारा न्यायाधीश म्हणून देशभर ओळखले गेले. याच्या उलट टोकाला बहरुल इस्लाम. काँग्रेसचे राज्यसभा सदस्य असताना १९७२ मध्ये राजीनामा देऊन ते गुवाहाटी उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले, नंतर सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १९८३ मध्ये तिथूनही राजीनामा देऊन पुन्हा काँग्रेसच्या राजकारणात परतले. पूर्वायुष्यावरून यातला कोण कसा निघेल हे आधी सांगता आले नसते. मात्र दोघांनाही पक्षसंबंधांबद्दल प्रश्न विचारायला हवा होता, आणि त्याचे उत्तर कागदावर यायला हवे होते.

साठे यांच्या बाबतीत नेमके तेच घडले नाही. न्यायवृंदाच्या निवेदनात तीन वकिलांची नावे होती आणि मंजुरीची एक ओळ होती. प्रवक्तेपदाची माहिती त्या बैठकीपुढे होती का, तिचे वजन कसे केले, याबद्दल अवाक्षर नाही. जे उत्तर न्यायवृंदाने द्यायचे ते एका पक्षाच्या माध्यम विभागाने दिले! राजकारण नको म्हणून दार लावून घेतले, आणि दाराबाहेर फक्त राजकारणच उभे राहिले. नव्या न्यायमूर्तींवरही यात अन्यायच झाला, कारण त्यांच्या योग्यतेची बाजू अधिकाराने मांडणारे कोणी बोललेच नाही.

आता शिर्डीकडे या. साईबाबा संस्थानाचे विश्वस्त मंडळ २००४ च्या कायद्यानुसार राज्य सरकार नेमते. या नावांवर विधिमंडळात सुनावणी नाही, म्हणजे ‘भांडण नको’वाल्यांच्या दृष्टीने आदर्शच व्यवस्था. प्रत्यक्षात तेव्हा सत्तेत असलेल्या महाविकास आघाडीच्या वाटाघाटीत शिर्डी राष्ट्रवादीला आणि पंढरपूर काँग्रेसला असे देवस्थानांचे सरळ वाटप झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये कोपरगावचे आमदार आशुतोष काळे यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ आले. सप्टेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केले आणि कारभार जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे गेला. तोवर राज्यातले सरकारही बदलले होते. या साऱ्या प्रवासात ‘हीच माणसे का?’ या प्रश्नाला सरकारच्या बाजूने उभे राहून, नोंद होईल अशा ठिकाणी, कोणाला उत्तर द्यावे लागले नाही. ते द्यावे लागले थेट कोर्टात, आणि तेही वर्षभराने.

विधान परिषदेच्या राज्यपालनियुक्त बारा आमदारांची गोष्ट तर याहून लाजिरवाणी. ६ नोव्हेंबर २०२० ला आघाडी सरकारने नावांचा लिफाफा राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्या हाती दिला. राज्यपालांनी ‘हो’ म्हटले नाही, ‘नाही’ही म्हटले नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने निर्णय वाजवी मुदतीत घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य असल्याचे सांगितले; तरीही लिफाफा हलला नाही. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये एकनाथ शिंदे सरकारने ती यादीच मागे घेतली. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या अगदी उंबरठ्यावर, सात जणांचे शपथविधी एका दिवसात उरकले. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांसाठी घटनेने राखलेल्या या जागा आहेत, याची आठवण या काळात फारशी कोणाला झाली असेल असे वाटत नाही. कडवे पक्षीय युद्ध होते हे, फक्त आवाज बंद ठेवून लढलेले. नकार लिहून देण्याची सक्ती असती तर तो न्यायालयात तपासता आला असता; मौनावर अपील कुठे करणार?

इथपर्यंत आलेला वाचक म्हणेल, मग अमेरिकेसारखे करा. नावे सभागृहात आणा, मतदान घ्या. हा दुसरा पूर्वपक्ष पहिल्यापेक्षा हुशार आहे, पण तोही टिकत नाही. अमेरिकेच्या सिनेटने १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून अँटोनिन स्कालिया यांना ९८ विरुद्ध ० मतांनी मान्यता दिली होती. २०१६ मध्ये त्यांच्या मृत्यूने रिकाम्या झालेल्या जागेसाठी ओबामांनी मेरिक गारलँड यांचे नाव दिले, तेव्हा त्याच सिनेटने साधी सुनावणीही घेतली नाही. आणि २०२० मध्ये निवडणूक आठवड्यावर आलेली असताना एमी कोनी बॅरेट यांना त्याच न्यायालयात ५२ विरुद्ध ४८ मतांनी बसवले. आपल्या संविधान सभेत २४ मे १९४९ ला न्यायाधीशांच्या नेमणुकीला कायदेमंडळाच्या संमतीची सूचना चर्चेला आली होती. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली: पद्धत बोजड आहे आणि तिच्यातून राजकीय दबाव शिरेल. त्याच भाषणात त्यांनी सरन्यायाधीशांच्या हाती नकाराधिकार देण्याचा मार्गही धोक्याचा ठरवला, कारण सरन्यायाधीशही शेवटी गुणदोषांसह माणूसच. आंबेडकरांचे पहिले अर्धे वाक्य न्यायवृंदाचे समर्थक सांगतात आणि दुसरे अर्धे सरकारचे. पूर्ण वाक्य फारसे कोणाला परवडत नाही.

माझा आक्षेप आणखी एका कारणाने आहे. अमेरिकन सिनेटर स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध मत देऊन घरी जेवायला जाऊ शकतो. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आहे. पक्षादेश निघाला आणि आमदाराने तो मोडला, तर आमदारकीच जाऊ शकते. अशा विधानसभेत नियुक्तीवर घेतलेले मतदान म्हणजे मुख्यमंत्र्यांचीच सही, दुसऱ्या शाईतली. आणि ज्या सभागृहांकडे हे काम सोपवायचे त्यांचा स्वतःच्या खुर्चीचा इतिहास काय? नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिल्यावर विधानसभेचे अध्यक्षपद जुलै २०२२ पर्यंत रिकामे राहिले. गुप्त मतदान की आवाजी, यावरून सरकार आणि राजभवन एकमेकांकडे पाहत बसले. विधान परिषदेचे सभापतिपद जुलै २०२२ ला रिकामे झाले, ते आमच्या चौंडीचे राम शिंदे १९ डिसेंबर २०२४ ला बिनविरोध निवडून आले तेव्हा भरले.  

मग मंडन कशाचे करायचे? त्यासाठी राळेगणसिद्धीच्या वाटेने जावे लागते, कारण नेमणुकीचा कायदा कसा लिहू नये आणि कसा लिहावा, हे दोन्ही धडे या एकाच गावाशी जोडलेले आहेत. राळेगणच्या अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून आलेला लोकपाल कायदा १६ जानेवारी २०१४ ला लागू झाला. निवड समितीत पंतप्रधान, लोकसभा अध्यक्ष, विरोधी पक्षनेता, सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले न्यायमूर्ती आणि एक नामवंत विधिज्ञ. त्याच वर्षी काँग्रेस ४४ जागांवर आली, मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता उरला नाही, आणि सरकारने तेच कारण पुढे करून पाच वर्षे लोकपाल नेमला नाही. हे कारण किती पोकळ होते ते पाहा. समितीतली एखादी जागा रिकामी आहे एवढ्यावरून नियुक्ती अवैध ठरत नाही, असे कायद्यातच लिहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ते वाचूनही दाखवले. सीबीआय संचालकांच्या निवड समितीत हीच अडचण आली, तेव्हा संसदेने २०१४ मध्येच दुरुस्ती करून सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाच्या नेत्याला ती जागा दिली. इच्छा होती तिथे काम काही महिन्यांत झाले. लोकपालसाठी अण्णांना जानेवारी २०१९ मध्ये राळेगणला पुन्हा उपोषणाला बसावे लागले आणि मार्चमध्ये पिनाकी चंद्र घोष नेमले गेले.

दुसरा धडा माहितीच्या अधिकाराचा. त्याही लढ्यात अण्णा होते. २००५ च्या त्या केंद्रीय कायद्यात माहिती आयुक्तांच्या निवडीचे कलम लिहिणाऱ्याने एक स्पष्टीकरण जोडून ठेवले: मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसेल, तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता तोच समजावा. एका वाक्याने पळवाट बंद!

विरोधकाची ती खुर्ची शोभेची नसते, हे २०१० मध्ये सिद्ध झाले आहे. केंद्रीय दक्षता आयुक्त म्हणून पी. जे. थॉमस यांचे नाव आले तेव्हा त्यांच्यावर आरोप असलेल्या केरळमधल्या पामतेल प्रकरणाकडे बोट दाखवून विरोधी पक्षनेत्या सुषमा स्वराज यांनी निवड समितीत विरोध नोंदवला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि गृहमंत्री चिदंबरम यांनी दोन विरुद्ध एक असे नाव रेटले. ३ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने नियुक्ती रद्द केली आणि पुढचा दंडकही घातला: असहमत सदस्याने कारणे द्यावीत, आणि ती डावलणाऱ्या बहुमतानेही द्यावीत. स्वराज यांचा विरोध पक्षीय नव्हता का? असेल. म्हणून तो खोटा ठरला नाही. उणी बाजू शोधायला विरोधकाइतका उत्साह दुसऱ्या कोणाला असणार?

तेव्हा माझी मागणी मतदानाची नाही, उलटतपासणीची आहे. माहिती आयुक्त, मानवी हक्क आयोग, लोकायुक्त, शिर्डीसारखी सरकारनियुक्त विश्वस्त मंडळे, यांसाठी विधिमंडळाच्या सर्वपक्षीय समितीने उघडी सुनावणी घ्यावी. मत घेऊ नये. प्रश्न, उत्तरे आणि भिन्नमत छापावे, आणि ठरलेल्या दिवसांत सरकारने सकारण निर्णय द्यावा. न्यायाधीशांचे नाव मात्र या समितीपुढे नको. तिथे आंबेडकरांची भीती आजही खरी आहे. तिथे न्यायवृंदानेच पक्षसंबंध, कारणे आणि भिन्नमत प्रसिद्ध करावे, आणि सरकारने शिफारशीवर बसून राहण्याला मुदत असावी.

अशाने चांगली माणसे पुढे यायची नाहीत, असा शेवटचा आक्षेप असतो. लिफाफ्यातल्या बारा जणांची नावे बावीस महिने वर्तमानपत्रांत चघळली जात होती आणि त्यांना स्वतःची बाजू मांडायला जागा नव्हती. तासभर तिखट प्रश्न त्याहून सुसह्य असतात.

काम कुठून सुरू करायचे, हेही स्पष्ट आहे: विरोधकाच्या त्या खुर्चीपासून. २०२४ च्या निकालात एकाही विरोधी पक्षाला विधानसभेच्या दहा टक्के, म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत आणि २०२५ ची अधिवेशने विधानसभेने विरोधी पक्षनेत्याविना काढली. राज्याच्या १९७८ च्या वेतन-भत्त्यांच्या कायद्यात दहा टक्क्यांची अट नाही. सर्वाधिक संख्याबळाच्या विरोधी पक्षाचा नेता आणि अध्यक्षांची मान्यता एवढेच आहे. त्या मान्यतेला तीस दिवसांची मुदत घालणारी दुरुस्ती अशासकीय विधेयक म्हणून कोणीही आमदार मांडू शकतो. आमच्या जिल्ह्यातल्या बारांपैकी दहा जागा २०२४ मध्ये महायुतीने जिंकल्या. महायुतीच्या या आमदारांपैकी अशा विधेयकाला कोण हात वर करील, हे ग्रामसभेत उभे राहून विचारण्याआड निदान पक्षादेश तरी येत नाही.