विदूषकीची किंमत

कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्य आणि दलित साहित्य यांची तुलना आपल्या मराठी विभागांना नवी नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने नावच ब्लॅक पँथरवरून घेतले होते. परंतु वेदना, विद्रोह आणि नकार यांपलीकडे ही तुलना सहसा सरकत नाही. विनोदाला तिच्यात जागाच नाही. जॉन बॅडम दिग्दर्शित 'द बिंगो लाँग ट्रॅव्हलिंग ऑल-स्टार्स अँड मोटर किंग्ज' (१९७६) हा चित्रपट पदव्युत्तर वर्गात अभ्यासावा, असे मी सुचवते तेव्हा 'पण ती तर कॉमेडी!' हा आक्षेप येतो, तो याच सवयीतून.

काळ १९३९ चा. बेसबॉलच्या श्वेत लीगची दारे बंद. निग्रो लीगमधील मालकही नाडणारे, आणि तेही कृष्णवर्णीयच. बिंगो काही खेळाडूंना फोडून स्वतःचा फिरता संघ काढतो. गावात शिरताना मिरवणूक, नाच, मैदानावर माकडचेष्टा. नुसता जिंकणारा कृष्णवर्णीय संघ श्वेत प्रेक्षकांना रुचत नाही, हसवून जिंकणारा चालतो. हा विनोद म्हणजे मैदानात उतरण्यासाठी भरलेला करच होय. यात पदरचे काही नाही. इंडियानापोलिस क्लाउन्स या खरोखरीच्या विदूषकी संघातून १९५२ साली हँक अ‍ॅरन पुढे आला. त्यानेच १९७४ मध्ये बेब रूथचा ७१४ होमरनांचा विक्रम मोडला.

रिचर्ड प्रायरने रंगविलेला चार्ली स्नो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. श्वेत लीगमध्ये शिरण्यासाठी तो आधी क्युबन होऊ पाहतो, मग रेड इंडियन. कातडी तीच, नाव, उच्चार, केशरचना तेवढी बदलायची! हा प्रसंग केवळ कल्पित म्हणता येणार नाही. १९०१ साली बाल्टिमोरच्या जॉन मॅग्रॉने चार्ली ग्रँट या कृष्णवर्णीय खेळाडूला चेरोकी जमातीचा 'चीफ टोकोहामा' म्हणून संघात घेण्याचा घाट घातला होता. तो फसला. वर्णभेदाची तर्कशून्यता उघडी पाडण्यासाठी येथे एकाही भाषणाची गरज पडत नाही.

एक शंका मात्र मलाही सोडवता आलेली नाही. मूळ कादंबरीकार विल्यम ब्रॅश्लर (१९७३) आणि दिग्दर्शक, दोघेही श्वेतवर्णीय. स्वानुभूती-सहानुभूतीचा आपला जुना वाद येथेही उभा राहतो. मिरवणुकीची दृश्ये इतकी देखणी आहेत, की गावातल्या श्वेत प्रेक्षकांबरोबर आपणही नकळत टाळ्या पिटू लागतो. दिग्दर्शकाला हे उमगले असावे, असे मला खात्रीने म्हणवत नाही.

शेवट मात्र पक्का आहे. संघातील तरुण जो कॅलवेला श्वेत संघाचे बोलावणे येते. प्रत्यक्षात १९४७ साली जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळू लागला आणि निग्रो लीगचे प्रेक्षक झपाट्याने ओसरले. चित्रपटात ही चाहूल लिऑनला लागते. बिंगो मात्र पुढचे बेत रंगवीतच राहतो.